सबा की तिसा? मंगोल काळातलं चांदीचं नाणं कुठलं आणि कधीचं हे कसं ओळखतात

माझ्याकडे एक चांदीचं नाणं आहे. दोन ग्रॅमच्या थोडं वर वजन, आपल्या पन्नास पैशाच्या नाण्यापेक्षाही लहान, कडा वाकड्यातिकड्या. काही वर्षांपूर्वी एका नाणे प्रदर्शनात घेतलं तेव्हा प्लास्टिकच्या पाकिटावर विक्रेत्याने बॉलपेनने लिहिलं होतं, ‘मुघल?’ आता गंमत अशी की तो चुकलाही होता आणि एका अर्थाने बरोबरही होता, कारण मुघल हा शब्द मुळात मंगोलचाच फारसी अवतार आहे. पण हे नाणं बाबराच्या जन्माआधी पावणेदोनशेहून जास्त वर्षं पाडलेलं, आणि तेही इराणात, चंगीझ खानाच्या नातवाने उभ्या केलेल्या राज्यात.

आधी थोडी पार्श्वभूमी देतो, पटकन. चंगीझचा नातू हुलागू याने फेब्रुवारी १२५८ मध्ये बगदाद घेतलं, शेवटच्या अब्बासी खलिफाला मारलं आणि इराण, इराक, कॉकेशस असा मोठा पट्टा ताब्यात ठेवला. या घराण्याला इल्खानी म्हणतात. १३३५ मध्ये अबू सईद वारसाशिवाय मेला तिथपर्यंत त्यांचं राज्य नीट चाललं, मग तुकडे झाले. या सगळ्या काळात त्यांनी चांदीची प्रचंड नाणी पाडली, म्हणून आजही ती बाजारात बऱ्यापैकी मिळतात. लिखाण मात्र अरबीत आणि बरंचसं मंगोल भाषेत, म्हणून लोक बघून घाबरतात.

घाबरायचं कारण नाही, कारण मराठी माणसाला यातलं अर्धं आधीच येतं. खरंच सांगतो.

नाण्यावर तारीख आकड्यात नसते, अक्षरात असते, आणि ती सुरू होते ‘सना’ या शब्दाने. हेच आपलं ‘सन’. सन अमुक अमुक म्हणतो ना आपण, तेच. आणि ज्याने कधी पेशवाईतली मोडी पत्रं चाळली असतील त्याला ‘सन सलास अर्बैन मया व अलफ’ असली ओळ लगेच आठवेल. सलास म्हणजे तीन, अर्बैन चाळीस, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११४३. हा शुहूर सन, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, इथे १७४२-४३. आधी एकक, मग दशक, मग शतक, हा क्रम अरबीचा, आणि इराणातल्या तबरीझ शहराच्या टांकसाळीत पाडलेल्या नाण्यावर अगदी हाच क्रम असतो. आपल्या फडातल्या कारकुनाला ते नाणं दाखवलं असतं तर त्याने लिपी ओळखीची असेल तर तारीख घडाघडा वाचली असती. फरक इतकाच की नाण्यावरचा सन हिजरी, म्हणजे शुद्ध चांद्र वर्षाचा. तो इसवीत बदलायला सोपी युक्ती आहे, हिजरी आकड्याला ३३ ने भागा, आलेला भागाकार त्याच आकड्यातून वजा करा आणि ६२२ मिळवा. ६९३ घ्या, भागाकार २१, उरले ६७२, अधिक ६२२ म्हणजे १२९४. एखाद्या वर्षाचा फरक पडतो, पण घरी बसून काढायला पुरतं.

मग अडतं कुठे? अडतं सात आणि नऊ या दोन आकड्यांपाशी, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण सगळी मजा इथेच आहे.

अरबीत सात म्हणजे सबअ आणि नऊ म्हणजे तिसअ, आपल्या पत्रांतले सबा आणि तिसा. मोडीत किंवा देवनागरीत लिहिलं की गोंधळ व्हायचा प्रश्नच नाही. पण अरबी लिपीत ‘स’ला तीन छोटे दात असतात, करवतीसारखे, ‘ब’ला एक दात आणि खाली एक नुक्ता म्हणजे टिंब, ‘त’लाही एकच दात आणि वर दोन नुक्ते. म्हणजे सबअ लिहिलं की तीन दात अधिक एक दात, शेवटी ‘ऐन’ या अक्षराचं डोकं. तिसअ लिहिलं की एक दात अधिक तीन दात, शेवटी तेच ऐन. नुक्ते असतील तर काहीच अडचण नाही, पण नाण्याचा ठसा कोरणारा माणूस नुक्ते बहुतेक वेळा गाळतो, जागाही नसते आणि त्या काळच्या वाचणाऱ्याला गरजही नसते. नुक्ते गेले की दोन्ही शब्द सारखे, चार दात आणि ऐन. सत्तर आणि नव्वद, म्हणजे सबैन आणि तिसैन, यांचंही तेच.

आता हिशोब करा. ६७७, ६७९, ६९७ आणि ६९९ ही चारही वर्षं नुक्त्यांशिवाय लिहिली तर एकसारखी दिसतात! एकाच नाण्याला चार तारखा, १२७८ पासून १३०० पर्यंत कुठलीही. शिवाय नाण्याचा चांदीचा चकतीसारखा तुकडा ठशापेक्षा लहान असायचा, त्यामुळे कडेचं लिखाण बाहेर सांडतं, आणि शतकाचा शब्द तर हमखास गायब. कडेला लिहिलेली तारीख अर्धीच मिळाली म्हणून हताश झालेले कितीतरी नवे संग्राहक मी बघितलेत.

अनुभवी माणूस तारखेकडे सगळ्यात शेवटी बघतो. आधी नाव.

६७७ आणि ६७९ ला इराणच्या गादीवर होता अबाका, हुलागूचा मुलगा. ६९७ आणि ६९९ ला गझन, अबाकाचा नातू. त्यामुळे नाव वाचता आलं की चारातल्या दोन तारखा तिथेच बाद. माझ्या नाण्याच्या एका बाजूला मधोमध अरबीत ‘गझन महमूद’ आहे, वर आणि खाली उइघुर लिपीतलं मंगोल लिखाण. ही लिपी कागदावर वरून खाली लिहितात, नाण्यावर ती आडवी झोपवलेली असते आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला गाठी मारलेल्या दोऱ्यासारखी दिसते. बाजूला तीन अक्षरं फाग्स-पा लिपीतली. ही लिपी चीनमधल्या मंगोल सम्राटाच्या, कुबलाई खानाच्या हुकमावरून एका तिबेटी लामाने तयार केली, १२६९ मध्ये ती अधिकृत झाली, आणि तिचं मूळ तिबेटी लिपीत, तिबेटीचं ब्राह्मीत, म्हणजे आपल्या देवनागरीची ती लांबची चुलत बहीण. इराणच्या नाण्यावर ब्राह्मीची पणती! मला तर हे कळल्यावर दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

मंगोल मजकूर काय म्हणतो हेही कालनिर्णयाला कामाला येतं. गझनच्या आधीच्या नाण्यांवर, उदाहरणार्थ त्याच्या बापाच्या म्हणजे अर्घुनच्या, अर्थ असा असतो की ‘खागानच्या नावाने अर्घुनने पाडलेलं’. खागान म्हणजे तिकडे चीनमध्ये बसलेला सम्राट, अर्घुन स्वतःला त्याचा मांडलिक म्हणवतो. गझन १२९५ मध्ये मुसलमान झाला, महमूद नाव घेतलं, आणि त्याच्या नव्या नाण्यांवर खागान गायब झाला, तिथे आलं ‘आकाशाच्या सामर्थ्याने’. म्हणजे एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द आला आणि तेवढ्यावरून कळतं की इराणने चीनच्या दरबाराचं नावापुरतं वर्चस्वही सोडलं. मधे गैखातू नावाचा एक खान होऊन गेला, त्याच्या नाण्यांवर तर त्याचं तिबेटी बौद्ध नाव आहे, रिन्चेन दोर्जे, मंगोल उच्चारात इरिंजिन दोर्जी. हे नाव दिसलं की नाणं १२९१ ते १२९५ मधलं, तारीख पुसली गेली असली तरी.

धर्माचा मजकूरसुद्धा असाच घड्याळासारखा वापरता येतो. तिफ्लिस म्हणजे आजच्या जॉर्जियातलं तिबिलिसी, तिथे अबाका आणि अर्घुनच्या काळात अशी चांदीची नाणी पाडली की ज्यावर अरबी लिपीत, अरबी भाषेत ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने’ असं लिहिलंय आणि सोबत क्रूस. अरबी अक्षरं बघून ‘इस्लामी नाणं’ म्हणून मोकळं होणाऱ्यांनी हे जरूर बघावं. पुढे गझनचा भाऊ ओल्जाइतू, त्याने हिजरी ७०९ च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला आणि नाण्यांवर लगेच अलीचं नाव कलम्याला जोडलं गेलं आणि कडेने बारा इमामांची नावं आली. तो १३१६ मध्ये गेला, मुलगा अबू सईद गादीवर आला आणि थोड्याच काळात सुन्नी रीतीप्रमाणे पहिल्या चार खलिफांची नावं परत. त्यामुळे इल्खानी नाण्यावर बारा इमाम दिसले की तारीख वाचायच्या आधीच समजायचं, १३०९ ते १३१६ च्या आसपासचं. एवढ्या बारीक खिडकीत नाणं बसवता येणं ही चैनच आहे, आपल्याकडच्या शिवराईला असलं काही नाही, शिवाजी महाराजांचं नाव घालून ती दीडशे वर्षं पाडत राहिले.

यावरून दुसरा धोका आठवला, मेलेल्या माणसाचं नाव. अल नासिर हा अब्बासी खलिफा १२२५ मध्ये वारला. पण व्होल्गा नदीकाठच्या बुल्गार शहरात मंगोलांनी नंतर, म्हणजे १२३६ मध्ये ते शहर जिंकल्यावर, त्याच्याच नावाची नाणी पाडली. नावावर विश्वास ठेवला तर तारीख सरळ चुकते. आणि हे फक्त तिकडेच होतं असं नाही. हुलागूने १२५८ मध्ये मारलेला खलिफा अल मुस्तासिम, त्याचं नाव दिल्लीच्या टंक्यांवर पुढे जवळपास चाळीस वर्षं चालूच राहिलं, बल्बनच्या नाण्यांवर आहे, जलालुद्दीन खिलजीच्याही. म्हणजे १२९६ मध्ये जलालुद्दीनचा पुतण्या अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला तेव्हा दिल्लीच्या खजिन्यातल्या चालू नाण्यांवर मंगोलांनी ३८ वर्षांपूर्वी संपवलेल्या खलिफाचं नाव होतं. नवा खलिफा बगदादला नव्हता, मग जुन्याचंच नाव ठेवा, काय करणार.

याच्या उलट प्रकारही घडतो, नाव मुळीच नसतं आणि तारखेवरूनच माणूस शोधावा लागतो. हुलागू यायच्या आधी, हिजरी ६४२-४३ च्या सुमारास, गंजा, तबरीझ अशा गावांत चांदीचे दिरहम पाडले गेले. त्यांच्यावर घोड्यावर बसून मागे वळून बाण मारणारा स्वार आहे आणि मजकूर ‘उलुग मंगुल उलुस बेग’, म्हणजे थोर मंगोल राज्याचा बेग, बस, नाव कोणाचंच नाही. आता ६४२ म्हणजे १२४४-४५. चंगीझनंतर गादीवर आलेला त्याचा मुलगा ओगेदेई खान १२४१ च्या डिसेंबरात मेलेला, ओगेदेईचा मुलगा गुयुक गादीवर बसला १२४६ च्या ऑगस्टमध्ये. मधल्या साडेचार वर्षांत खानच नव्हता, ओगेदेईची बायको तोरेगेने कारभार बघत होती. म्हणून ही नाणी तोरेगेनेच्या कारभारातली मानतात. तिचं नाव त्यावर नाही, पण दुसऱ्या कुणाचंही नाव का नाही याचं उत्तर तिच्याच काळात सापडतं.

आता टांकसाळ. अरबीत ‘झुरिबा’ म्हणजे पाडलं, त्याच्यापुढे गावाचं नाव. तबरीझ, बगदाद, मोसुल, शिराझ, इस्फहान, हमदान, ओल्जाइतूने राजधानी केलेलं सुलतानिया, यादी खूप लांब आहे. मला सगळ्यात आवडतं ते ‘उर्दू’. हो, उर्दू. तुर्की-मंगोल भाषेत उर्दू म्हणजे खानाची छावणी, आणि छावणीसोबत टांकसाळही फिरायची, ठसे, हातोडे, भट्टी सगळं उंटांवर. त्या नाण्यांवर गावाच्या जागी ‘उर्दू’ किंवा ‘बाजार’ असतं. म्हणजे नाणं कुठलं, तर जिथे खान त्या दिवशी होता तिथलं. उर्दू भाषेचं नावही याच छावणीच्या शब्दावरून आलंय.

गावाचं नाव पुसलं असेल तर ठसा जुळवतात. एक ठसा हजारो नाणी पाडतो, आणि त्याला एखादी चीर गेली की ती चीर पुढच्या प्रत्येक नाण्यावर उमटते. कुठल्यातरी संग्रहातल्या स्वच्छ नाण्यावर तीच चीर, तोच तिरका अलिफ दिसला की आपल्या अर्धवट नाण्याचं गाव आणि साल दोन्ही मिळतं. आपला ‘शिक्का’ शब्दही अरबी ‘सिक्का’वरून आलाय, आणि त्याचा मूळ अर्थ हा ठसाच.

वजनाचं बघू. गझनने नाण्यांची शिस्त लावली ती अशी, एक दिरहम सुमारे २.१६ ग्रॅम, दोन दिरहमचं नाणं ४.३२, आणि सहा दिरहमचा एक चांदीचा दिनार, १२.९६ ग्रॅमचा. दहा हजार दिनार म्हणजे एक तुमान, आणि दहा हजार स्वारांच्या तुकडीलाही तुमानच म्हणायचे, पैसे आणि फौज एकाच मापाने मोजणारी माणसं ती. ही शिस्त यायच्या आधी काय झालं होतं ते फारच भारी आहे. १२९४ मध्ये गैखातूचा खजिना रिकामा झाला, तेव्हा त्याच्या वजिराने चीनची नक्कल करून तबरीझला कागदी नोटा काढल्या, नाव ‘चाव’. हुकूम असा की व्यवहार नोटांनीच करा, नाहीतर शिक्षा. व्यापाऱ्यांनी दुकानं बंद केली, बाजार ओस पडला, खायला मिळेना, दोन महिन्यांच्या आसपास सगळं गुंडाळावं लागलं. पुढे तीसपस्तीस वर्षांनी मोहम्मद तुघलकाने तांब्या-पितळेचे टंके चांदीच्या भावाने चालवायचा घाट घातला, त्यातले काही दौलताबादला पाडले होते, त्याचं काय झालं ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

गझननंतर दिरहमचं वजन टप्प्याटप्प्याने उतरत गेलं. प्रत्येक वेळी वजन कमी केलं की नाण्याची नक्षीही बदलायची, कधी चौकटीत, कधी मशिदीतल्या मिहराबीच्या आकारात मजकूर, म्हणजे जुनं भारी आणि नवं हलकं नाणं लोकांना बघताक्षणी वेगळं कळावं. अबू सईदच्या शेवटी शेवटी दोन दिरहमचं नाणं तीन ग्रॅमच्या आसपास आलेलं. त्यामुळे तारीख नसली तरी आकृती आणि वजन काटा, दोन्हीवरून पाच-सात वर्षांच्या आत पोचता येतं. काटा मात्र ०.०१ ग्रॅमचा हवा, किचनमधला नको.

आणि याच अबू सईदच्या नाण्यांवर एक विचित्र तारीख सापडते, ‘३३ खानी’. हिजरी ३३? शक्यच नाही, तेव्हा मंगोल कुठले. झालं होतं असं की चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान, म्हणून ३२ सुग्या होतात तोवर ३३ हिजरी वर्षं होतात, आणि सारा हिजरी वर्षाने मागितला तर शेतकऱ्याला एक सारा फुकट भरावा लागतो. म्हणून गझनने हिजरी ७०१ मध्ये, म्हणजे १३०२ साली, सूर्यावर चालणारा नवा खानी सन सुरू केला. ३३ खानी म्हणजे १३३४-३५. आता आपला शुहूर सन बघा, मृग नक्षत्रावर सुरू होतो, सूर्यावर चालतो, शब्द सगळे अरबी, आणि त्याचा आकडा हिजरीशी जुळतो तो हिजरी ७४५ मध्ये, म्हणजे १३४४ साली, मोहम्मद तुघलकाच्या अमदानीत. दुखणं एकच होतं, पीक चंद्राला विचारून येत नाही. इराणात खानी सन फार टिकला नाही, आपल्याकडे शुहूर थेट पेशवाई संपेपर्यंत फडातल्या प्रत्येक कागदावर बसून राहिला.

राहता राहिला प्रश्न चांदी कुठली. हा खरंतर सगळ्यात अवघड. अकराव्या शतकापासून इराण आणि मध्य आशियात चांदीची टंचाई होती, दिरहमात इतकं तांबं मिसळायचे की नाणी काळी पडायची. बगदादला खलिफा मुस्तनसिरने हिजरी ६३२ मध्ये चांगल्या चांदीचे दिरहम परत सुरू केले, आणि मंगोलांच्या काळात तर चांदीचा पूरच आला. एक स्रोत अनातोलियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या खाणी, तिथे ‘गुमुशबाजार’ नावाची टांकसाळच होती, तुर्कीत गुमुश म्हणजे चांदी. मार्को पोलोच्या वर्णनातही बायबुर्तजवळच्या चांदीच्या खाणीचा उल्लेख येतो. दुसरं एक मत असं की कुबलाईने १२७९ पर्यंत दक्षिण चीन जिंकला, तिथे लोकांना कागदी नोटा दिल्या आणि साठलेली चांदी पश्चिमेकडे वाहत गेली. मला हे मत पटतं, पण एकट्या चीनवर सगळा भार टाकणं पटत नाही.

मग लॅबमध्ये का नाही तपासत? तपासतात की. क्ष-किरणांचं यंत्र नाण्याला ओरखडा न पाडता धातू सांगतं, पण ते बघतं फक्त वरचा थर, आणि शेकडो वर्षं मातीत पडलेल्या नाण्याच्या वरच्या थरातलं तांबं झिरपून गेलेलं असतं, म्हणून नाणं आहे त्याहून शुद्ध भासतं. चांदीतलं सोनं, बिस्मथ यांचे कण आणि शिशाचे समस्थानिक बघून खाणीपर्यंत जाता येतं, मात्र टांकसाळ म्हणजे शेवटी सराफाची भट्टीच. आजीचं पैंजण, मोडलेलं निरांजन आणि नवी चांदी अशी सगळी मोड एकत्र वितळवली की पैंजण कुठल्या खाणीतलं हे कसं सांगणार? बगदादच्या लुटीतली ताटं, सल्जुकांचे जुने दिरहम, चिनी चांदीच्या लगडी, सगळं एकाच मुशीत गेलेलं.

तर माझं नाणं. गझन महमूद आहे म्हणून ६७७ आणि ६७९ बाद. वजन गझनच्या शिस्तीतलं, ‘आकाशाच्या सामर्थ्याने’ आहे, गाव तबरीझ, दशकाचा शब्द तिसैन हे पक्कं. उरले ६९७ आणि ६९९. इथे एकच उपाय असतो, कोरणारे बहुधा ‘ब’चा किंवा ‘त’चा दात ‘स’च्या दातांपेक्षा जरा उंच काढायचे. उंच दात ऐनच्या लगेच आधी असेल तर सबा, शब्दाच्या सुरुवातीला असेल तर तिसा. भिंगाखाली धरून मी तासन्‌तास बघितलं.

आणि दात दिसत नाहीत, कारण नाणं घरी आलं त्याच आठवड्यात मी ते टेबलावर विसरलो आणि आईने दिवाळीच्या साफसफाईत देवाच्या चांदीच्या भांड्यांबरोबर तेही चिंच आणि रांगोळी लावून घासून काढलं. लख्ख निघालं अगदी. चार दातांच्या जागी आता एक गुळगुळीत रेघ आहे. पाकिटावर मुघल खोडून मी पेन्सिलने लिहिलंय, ‘गझन, तबरीझ, ६९७/६९९’.